नमांगाच्या आधीचे दहा दिवस

माझ्या नवऱ्याला दोन वयं आहेत. कागदावर एकोणसाठ आणि खरं त्रेसष्ट. जाफराबादेत आमच्या पिढीतल्या कुणाला ह्याचं नवल वाटायचं नाही. सासरे दुसऱ्याच्या वावरात सालदार होते, ह्यांच्याकडं गुरं वळायचं काम, आणि शाळेचं दार ह्यांनी बघितलं तेच मुळी दहाव्या वर्षी. एवढा घोडा पहिलीत कसा घालायचा म्हणून हेडमास्तरांनी रजिस्टरात सहा वर्षांचा करून घातला. तारीख एक जून. त्या पानावरची सगळीच पोरं एक जूनची. माझीही एक जूनच आहे, फक्त माझं साल खरं आहे. सासूबाई सांगायच्या, छप्पन साली दीक्षा घेतली त्याच्या पाचव्या वर्षी हा झाला. बोटं मोजली की त्रेसष्ट येतात.

ह्या चार वर्षांचं आम्हाला कधी ओझं झालं नाही. हे एसटीत ड्रायव्हर होते, तेहतीस वर्षं जाफराबाद–जालना गाडी चालवली. "हेडमास्तरानं चार वर्षं फुकट देल्ती मॅडम," असं हसून म्हणायचे. मॅडम म्हणजे मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून घरातही मला मॅडमच म्हणतात, चिडवायला.

मुलगा एका बियाण्याच्या कंपनीत आहे आणि दोन वर्षांपासून नैरोबीत राहतो. मी मे अखेर निवृत्त झाले तसे त्याचे फोन सुरू झाले, "मम्मी, आता तरी या दोघं." मी म्हटलं, येतो, पण नुसतं तुझ्या घरात बसायला येणार नाही. केनियातून रस्त्यानं टांझानियात जायचं, सीमा पायी ओलांडायची आणि तिकडची जनावरं बघायची. तो म्हणाला, विमानानं जा ना तिकडं, तासाभराचं काम आहे. मी म्हटलं, तुझ्या बापानं जन्मभर गाडी हाकली, त्याला परक्या मुलखातला रस्ता बघावासा वाटणार नाही का. गल्लीत, नणंदेला, ओळखीच्या बायांना, सगळ्यांना मी हेच सांगत होते, की ह्यांना रस्ता बघायचाय. हे ओट्यावर बसून ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत.

शाळेतलं एक कोरं हजेरीचं रजिस्टर घरी होतं. त्यात मी नकाशा काढला. डाव्या पानावर केनिया, उजव्या पानावर टांझानिया, मधली शिवण ती सीमा. पहिला बेत फार मोठा होता. नैरोबीहून मसाई मारा, तिथून इसेबानियाच्या नाक्यावरून टांझानियात, मग सेरेंगेटी, गोरोंगोरो, अरुशा, आणि नमांगाच्या नाक्यावरून परत नैरोबी. दोन नाके आणि भला मोठा वळसा. मुलानं चौकशी करून सांगितलं, केनियाची ऑनलाइन परवानगी एका वेळच्या प्रवेशाची आहे. बाहेर पडून पुन्हा आत शिरायचं तर नाक्यावरचा साहेब काय म्हणेल त्याचा भरवसा नाही. अर्धा नकाशा खोडरबरानं पुसला. नमांगा तेवढा राहिला, आणि घरी परतायचं विमान टांझानियातूनच धरायचं ठरलं.

नमांगाचं सगळं मी पाठ केलं. केनियाची गाडी अलीकडंच सोडायची, कारण तिला टांझानियाच्या अभयारण्यांत प्रवासी फिरवता येत नाहीत. पिशव्या हातात घ्यायच्या. एकाच इमारतीत आधी केनियाचा निघाल्याचा शिक्का, मग टांझानियाचा आल्याचा. पलीकडं दुसरी गाडी उभी पाहिजे. ती आली नाही तर? फोन लागला नाही तर? रांगेत ह्यांना चक्कर आली तर? एकेका 'तर'साठी मी एकेक ओळ ठेवली आणि त्यापुढं काय करायचं ते लिहिलं. मुलाला त्या आठवड्यात रजा मिळणार नव्हती, म्हणजे नाक्यावर आम्ही दोघंच. ह्यांना इंग्रजी येत नाही आणि माझं चौथीच्या पुस्तकापुरतं.

"एवढं टाइमटेबल तर डेपोत बी नसतंय," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसून चहा प्या," मी म्हटलं.

सगळं बसलं आणि पिवळ्या तापाशी येऊन अडलं. केनियातून येणाऱ्याला टांझानियाच्या नाक्यावर त्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड चालू होतं, त्याच्या आधी नाही. इथवर अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते खालच्या ओळीत. साठीच्या वरच्या माणसाला ही लस क्वचित बाधते, आणि बाधली तर जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरनं विचार करून द्यावी, नाही तर लस न देता तसं पत्र द्यावं. ते पत्र मानायचं की नाही, ते ज्या त्या देशाच्या साहेबावर. मी मुलाला आडून विचारलं, माझ्या एका मैत्रिणीला असं पत्र मिळालं तर कसं रे. तो म्हणाला, "नुसतं नैरोबीला यायचं असेल तर निभेल मम्मी. पण नमांगा सोडून द्यायला सांग तिला."

ती ओळ मी ह्यांना वाचून दाखवली.

"पासपोर्टावर माझं वय काय हाय?" ह्यांनी विचारलं.

"एकोणसाठ."

"मंग झालं की."

"अहो, झालं काय? बाधली तर?"

"गुरामागं वाढलेलं अंग हाय हे. अन् एक सांगून ठेवतो, सरकारी माणसासमोर माझं खरं वय काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई. नोकरीभर एक तारीख लिव्हली, आता दुसरी निघाली तर पेन्शनीला काय म्हणतील?"

पेन्शनचं नाव निघालं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बरंच वाटलं. आता मी गप्प बसले तर ते नवऱ्याच्या सांगण्यावरून, असं मला स्वतःला सांगता येत होतं. मी लशीचा अर्ज भरला, वय कागदावरचं घातलं.

लशीसाठी मुंबईला जावं लागलं, आणि तारीख मिळाली ती निघायच्या आधी बारा दिवसांची. केंद्रात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी? कमाल आहे."

"आमच्याकडं सगळ्यांचाच असतो," मी म्हटलं, आणि त्या हसल्या.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. अंड्याची ॲलर्जी? नाही. कॅन्सर वगैरे? नाही. काही गोळ्या चालू? ह्यांना बीपीची एक. "आणि दोघंही साठीच्या आत आहात, म्हणजे तो प्रश्न नाही," असं म्हणून त्यांनी वर बघितलं. हे माझ्याकडं बघायला लागले. गाडी सोडायच्या आधी ड्रायव्हर कंडक्टरकडं बघतो ना, घंटी मारतोय का म्हणून, तसं. मला चार शब्द बोलायचे होते, ह्यांचं खरं वय त्रेसष्ट आहे. तोंड उघडलं असतं तर त्या बाईंनी सुई खाली ठेवली असती, आम्ही पत्र घेऊन घरी आलो असतो आणि नमांगा गेला असता. मी पर्समधून रुमाल काढला आणि घाम नसताना तोंड पुसलं. सुई आधी ह्यांना टोचली, मग मला.

घरी आल्यावर मी दिवस मोजायला लागले. पहिले चार दिवस काही नाही. हे रोजच्यासारखे स्टँडवर जुन्या ड्रायव्हर लोकांत जाऊन बसायचे आणि जेवायला घरी यायचे. मलाही दंड दुखण्यापलीकडं काही झालं नाही. चौथ्या दिवशी मी बॅगा भरायला काढल्या आणि गुणगुणत होते, हे मला आठवतं.

पाचव्या दिवशी दुपारी हे जेवणाआधीच परत आले आणि ऐन उन्हाची वेळ असताना चादर मागितली. अंग भाजत होतं. थर्मामीटर लावलं तर एकशे दोन. लशीनं साधा ताप येतो, बऱ्याच जणांना येतो, हे मी वाचलं होतं. पण त्याच पानावर दुसरंही वाचलं होतं, की म्हाताऱ्या माणसात कधी कधी ह्याच दिवसांत ताप येतो, मग लिव्हर जातं, किडन्या जातात. मी दर अर्ध्या तासानं ह्यांच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघायला लागले, पिवळे झाले का.

"काय बघून राह्यली?" हे वैतागले.

"काही नाही. दवाखान्यात चला."

"लशीचा ताप हाय, उतरंल."

सहाव्या दिवशी सकाळी एकशे तीन झाला आणि ह्यांना चहाही पोटात ठरेना. मी शेजाऱ्याची गाडी सांगितली आणि ह्यांना मागच्या सीटवर आडवं घालून जालन्याला नेलं. भोकरदनपर्यंत हे बडबडत होते, गाडी अशी का मारतोस, गियर बदल. त्यानंतर गप्प झाले, आणि ते जास्त वाईट होतं.

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासता तपासता वय विचारलं.

"एकोणसाठ," हे म्हणाले.

"त्रेसष्ट," मी म्हटलं.

"मॅडम," ह्यांनी मला डोळे दाखवले.

"तुम्ही गप्प बसा. त्रेसष्ट, डॉक्टर. शाळेत चार वर्षं कमी लावलीत. पिवळ्या तापाची लस घेऊन आज सहावा दिवस आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लस देणाऱ्यांना सांगितलं होतं हे?"

"नाही."

"का?"

डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, ताप काही कागदाच्या वयाला येत नाही, माणसाला येतो. तुम्ही तर शिक्षिका दिसता." तीस वर्षं मी पोरांना उभं करून का, का म्हणून विचारलं, आणि मला कुणी असं उभं केलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांना भरती केलं, सलाइन लावलं, लिव्हरच्या आणि किडनीच्या तपासणीला रक्त घेतलं. रिपोर्ट यायला चार तास होते. मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारची बाई भाकरी देत होती, ती घेतली आणि हातात धरून बसले. माणूस हातचा गेला तर पोराला काय सांगू? तुझ्या बापाला मी मारला, एका शिक्क्यासाठी? नणंदेला काय सांगू? पेन्शनचं सांगीन, म्हटलं, खरं वय काढायला तेच नको म्हणत होते असं सांगीन. आणि तेवढ्यात हे मनात आलं म्हणून स्वतःची एवढी किळस आली की मी उठून बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

पहिला रिपोर्ट ना चांगला ना वाईट. लिव्हरचा आकडा वर गेला होता. "उद्या पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो आणखी थोडा वर. मी मुलाला फोन केला नव्हता, करणार होते, हात होत नव्हता. आठव्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या कपाळाला हात लावला तर घामानं ओलं आणि गार. हे डोळे उघडून म्हणाले, "भूक लागली." दुपारच्या रिपोर्टात आकडा खाली आला. डॉक्टर म्हणाले, लशीचा ताप होता, जोराचा होता, निभावलात. नशीब म्हणा. हे सगळं ते माझ्याकडं बघून म्हणाले, ह्यांच्याकडं नाही.

दहाव्या दिवशी आम्ही घरी होतो. त्या दिवशी कार्ड चालू झालं, आणि मला ते कपाटातून बाहेर काढावंसं वाटेना. मी मुलाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, रद्द कर. तो आधी रडला, मग रागावला, आणि तो रागावत असतानाच ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "रद्द बिद्द काही न्हाई. सुई टोचून घेतली, ताप भोगला, आता काहून घरी बसायचं? आठ दिवस पुढं ढकल." डॉक्टरांनी पुन्हा तपासून, पुन्हा रक्त बघून हरकत नाही म्हटलं, तेव्हा कुठं मुलगा तयार झाला. ह्या सगळ्यात मुंबईच्या त्या टेबलाविषयी आम्ही नवरा-बायको एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

नैरोबीचे चार दिवस मुलाच्या घरी गेले. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं ठरवलेल्या गाडीनं आम्हाला नमांगाला सोडलं. ट्रकांची लांब रांग, धुळीचं मैदान, मण्यांच्या माळा घेऊन मागं लागणाऱ्या बाया. ड्रायव्हरनं बॅगा उतरवल्या, इमारत दाखवली आणि परत फिरला. केनियाचा शिक्का दहा मिनिटांत झाला. मग आरोग्याची खिडकी आली. पांढऱ्या शर्टातल्या माणसानं माझं कार्ड उघडलं, बघितलं, परत दिलं. ह्यांचं कार्ड त्यानं उजेडाकडं तिरपं धरलं. मग पासपोर्ट बघितला. मग ह्यांचं तोंड. मग पुन्हा कार्ड. "थांबा," असं इंग्रजीत म्हणून दोन्ही घेऊन तो मागच्या दारानं आत गेला.

तापानं ह्यांचे गाल आत गेले होते, मान बारीक झाली होती. सत्तरीचे दिसत होते. हा माणूस एकोणसाठचा आहे असं कुणी शेंबडं पोरही म्हणालं नसतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दार बंदच. आमच्या मागची माणसं दुसऱ्या खिडकीला जायला लागली. आता हा येणार, वय विचारणार, हे गडबडणार, आणि आम्हाला पासपोर्टाशिवाय दोन देशांच्या मधे बसवून ठेवणार, असं मला दिसायला लागलं. मी भिंतीला टेकले.

"अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी मुंबईत मी बोलायला पाहिजे होतं."

हे दाराकडंच बघत होते.

"तुम्ही माझ्याकडं बघितलं अन् मी तोंड पुसत बसले. पेन्शनसाठी नाही. सगळ्यांना सांगत फिरले, ह्यांना रस्ता बघायचाय. तुम्हाला कुठं बघायचा होता? मलाच यायचं होतं. तीस वर्षं मी फळ्यावर लाल खडूनं सीमा काढल्या, अन् मला एक तरी पायानं ओलांडायची होती. त्याच्यापायी तुम्हाला सुई टोचू दिली मी. तुम्ही गेला असता तर..." मी तिथंच, सगळ्यांदेखत रडायला लागले. माळा विकणारी एक बाई आत डोकावून बघून गेली.

ह्यांनी दारावरची नजर काढली. मग म्हणाले, "मला ठाऊक न्हवतं व्हय?"

"काय ठाऊक?"

"रस्त्याचं. तेहतीस वर्षं रस्ताच बघितला, मला रस्त्याचा वीट आलाय. नकाशा काढून राह्यल्ती तू, तवाच समजलो मी."

"मग पेन्शनचं कशाला काढलं तुम्ही?"

"आता माझी पेन्शन कोण काढून घ्यायला बसलंय?" हे म्हणाले. "पेन्शनीचं काढलं नसतं तर तू त्याच दिवशी सगळं रद्द केलं असतंस."

मी ह्यांच्याकडं बघत राहिले. म्हणजे ती ओळ मी वाचून दाखवली तेव्हाच ह्यांनी ठरवलं होतं. जिवावर बेतू शकतं हे ऐकून, माझ्यासाठी. आणि मला बोल लागू नये म्हणून वर एक कारणही तयार करून दिलं होतं.

दार उघडलं. तो पांढऱ्या शर्टाचा माणूस आला, त्याच्याबरोबर दुसरा एक चष्म्यातला होता. कार्डावरचा शिक्का पुसट उठला होता, तारखेचा आकडा पांढऱ्या शर्टवाल्याला लागत नव्हता, म्हणून तो चष्मेवाल्याला दाखवायला गेला होता. एवढंच होतं. त्यानं कार्ड आणि पासपोर्ट ह्यांच्या हातात दिले आणि पुढच्या खिडकीकडं बोट केलं. तिथं टांझानियाचा शिक्का पडला. ह्यांनी दोन्ही बॅगा उचलल्या, माझीसुद्धा. मी एक ओढून घेतली आणि ह्यांच्या मोकळ्या झालेल्या हाताचं मनगट धरलं. नाडी लागत होती. बाहेर ऊन होतं, समोर दुसरी गाडी उभी होती, ड्रायव्हर हात हलवत होता. तिथवर मी ह्यांच्या तोंडाकडंच बघत चालले. सीमा नेमकी कुठं होती ते मी बघितलंच नाही.